शिसं

उपासाच्या पाचव्या आठवड्यात माझ्या बापाने
पाच किलोचं वजन निखाऱ्यांवर ठेवलं.
आई म्हणाली, यित्बारेक, लोखंड शिजत नाही.
तो फुंकत राहिला.

गोजामच्या पठारावर, शनिवारच्या बाजारात,
तो लोकांचा टेफ विकत घ्यायचा,
आणि शुक्रवारी रात्री वजन घासायचे मी,
राखेने, लिंबाच्या सालीने, लखलखीत.
तळाला अंगठ्याएवढा काळसर डाग होता.
"तिथे घासू नकोस."
मी दहा वर्षांची होते. घासू नकोस म्हणतात
तीच जागा मुलांना आधी कळते.

टेफ म्हणजे मोहरीहूनही बारीक दाणा.
मातीत सांडला तर माती होतो.
दर पोत्यामागे ओंजळभर जास्त यायचा आमच्याकडे.
एकोणीस वर्षं काटा मारला त्याने,
आणि एकोणीस वर्षं देवळाच्या आत पाऊल टाकलं नाही.

आमच्याकडे रीत आहे तशी:
ज्याला स्वतःचा मळ दिसतो
तो आवारात येतो, भिंतीपर्यंत येतो, आत जात नाही.
कुणी विचारत नाही का म्हणून.
बापाने जुनिपरचं एक झाड धरलं होतं.
आतून यायचं, प्रभो, दया कर. एक्केचाळीस वेळा.
तो बोटांच्या पेरांवर मोजायचा
आणि चाळीसवर थांबायचा.
देवालाही एक कमी घालायचा.

अब्बा केफ्याले त्याच्या आत्म्याचे बाप.
दरवर्षी यायचे, कॉफीचे तीन कप प्यायचे, जायचे.
या वर्षी तिसऱ्यानंतर उठलेच नाहीत.
काय आहे? काही नाही.
बरं, मग मी बसतो.
अंधार पडला. आईने दिवा लावला, पुन्हा कप धुतले.
शेवटी बापाने कोपऱ्यातलं वजन आणून
त्यांच्या मांडीवर ठेवलं.
मला वाटलं, आता सांगतील
इतके उपास, इतकी लोटांगणं.
ते म्हणाले, "हे मला का देतोस?
मी कधी तुला टेफ विकला होता?"

शिसं ठिबकलं तेव्हा चांदीसारखं दिसलं.
ओतताना लागला नव्हता एवढा ताप
काढताना लागला. मागाहून लागतो तोच ताप खरा,
असं तो म्हणाला नाही. मी म्हणते आहे, आता.
त्याने फक्त हात भाजून घेतला.

मग गाढवावर पोती लादून दारोदार.
काही घरांत माणसंच उरली नव्हती.
एकाने शिवी दिली, पोतं ठेवून घेतलं.
म्हातारी तिरिंगो उंबऱ्यावर बसून ऐकत होती सगळं,
एकही दात नसलेल्या तोंडाने.
"ठाऊक होतं मला," ती म्हणाली.
"पहिल्या वर्षापासूनच.
म्हणून तर मी पोत्यात वाळू मिसळायचे."

बाप बघतच राहिला.
मग दोघं हसली, इतकी, की गाढव बुजलं.
हसता हसता तिरिंगोने पदर डोळ्यांना लावला
आणि तो तिथून लवकर काढेना.
पोतं मधेच राहिलं. कुणी कुणाचं देणं लागतं
हे दोघांनाही सांगता येईना.
शेवटी तिनेच विचारलं,
"तुझे ते अब्बा, मलाही ओरडतील का रे?"

पोखरलेलं वजन आता पाच किलो भरत नव्हतं.
बापाने तेच ठेवलं तागडीत.
दिवाळं निघेल, आई म्हणाली.
निघालं नाही. श्रीमंतीही आली नाही.
लोक मात्र वजन उलटं करून भोकात बोट घालून बघायचे,
आणि तो बघू द्यायचा.

पुनरुत्थानाच्या रात्री मी त्याला शोधत
मेणबत्ती घेऊन जुनिपरपाशी गेले.
आतून दयेची याचना येत होती,
कितवी, ते मला समजलं नाही.
झाडाखाली तो नव्हता.
त्याच्या चपला होत्या,
एक सरळ, एक उलटी,
घाईत काढल्यासारख्या.